पायलिंग आणि खोदकामाचा आधार: साइटवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्यांसाठी

पाइल म्हणजे इमारतीचा भार खोल जमिनीत उतरवणारा खांब. तो भरून झाला की पुन्हा कोणाला दिसत नाही. कॉलम रेषेत नसेल तर येणारा-जाणारा बोट दाखवतो, स्लॅब गळला तर राहणारे तक्रार करतात. पाइलच्या पोटात माती घुसली असेल तर मात्र वरून काहीच कळत नाही, आणि वर इमारत चढत राहते. त्यामुळे या कामात जे पाहायचं, मोजायचं, लिहायचं, ते बोअर, म्हणजे पाइलसाठी घेतलेलं भोक, उघडा असतानाच. ती वेळ पुष्कळदा रात्री अडीचची असते, पाऊस लागलेला असतो आणि साइटवर इंजिनिअर म्हणून तुम्ही एकटेच असता.

नुकतीच डिप्लोमा किंवा डिग्री संपवून पायलिंगच्या साइटवर आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. माझं बहुतेक काम मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात झालं, म्हणून उदाहरणं तिथली. डिझाइन कसं करायचं ते यात नाही, ते कन्सल्टंटचं काम. ड्रॉइंगवर जे आहे ते जमिनीत नीट उतरतंय की नाही हे कसं बघायचं, तेवढं सांगते.

पहिली पायरी: सॉइल रिपोर्ट

साइटवर गेल्यावर ड्रॉइंगच्याही आधी सॉइल रिपोर्ट मागा आणि त्यातले बोअर लॉग, म्हणजे तपासणीच्या भोकांत किती खोलीवर काय लागलं त्याच्या नोंदी, एकेक करून वाचा. मुंबईत खाडी किंवा समुद्राजवळचा प्लॉट असेल तर वरून खाली साधारण असा क्रम दिसतो: आधी भराव, म्हणजे राडारोडा, विटांचे तुकडे, कधी जुन्या बांधकामाचा पायासुद्धा. त्याखाली काळा-करडा समुद्री गाळ, बोटाने दाबला तर खड्डा पडणारा. मग मुरूम, मग झिजलेला खडक आणि शेवटी कातळ. कातळ म्हणजे दर वेळी काळा बेसाल्ट असेल असं धरू नका. मुंबईत ब्रेशिया (तुकडे एकत्र सांधून झालेला खडक) आणि टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) हेही भरपूर आहेत. टफ कोरडा असताना हाताला घट्ट लागतो, पण बराच वेळ पाण्यात राहिला की त्याचा भुगा व्हायला लागतो. अशा खडकात बोअर पूर्ण करून दोन दिवस तसाच उघडा ठेवणं म्हणजे मेहनतीने गाठलेला तळ स्वतःच्या हाताने बिघडवणं.

लॉगमध्ये दोन आकडे सतत भेटतात. पहिला ‘एन’. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून टाकत नमुन्याची नळी जमिनीत ४५ सेंटीमीटर घालवतात. पहिल्या १५ सेंटीमीटरचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या ३० सेंटीमीटरला जितके ठोके लागले तो एन. मऊ गाळात तो दोन-तीन येतो, घट्ट मुरमात पन्नासच्या वर जातो.

दुसरा आकडा खडकातला: कोअर रिकव्हरी आणि आरक्यूडी. कोअर म्हणजे ड्रिलमधून निघणारा खडकाचा दंडगोल नमुना. समजा दीड मीटर ड्रिल केलं आणि पेटीत एकूण १२० सेंटीमीटर कोअर आला, तर रिकव्हरी ८० टक्के. पण त्यातल्या १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांचीच बेरीज ६० सेंटीमीटर असेल, तर आरक्यूडी फक्त ४० टक्के. म्हणजे खडक आहे, पण चिरांनी भरलेला. हे नुसतं वाचू नका. कोअरच्या पेट्या साइटवर किंवा लॅबमध्ये असतात, त्या उघडून बघा. एकदा ते तुकडे हातात घेतले की पुढे बोअरमधून येणारे चिप्स ओळखता येतात.

आणखी एक फसवी गोष्ट. बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी झिजतो आणि मुरमात घट्ट गाभ्याचे मोठमोठे गोटे उरतात. छिन्नी अशा गोट्यावर आपटली की आवाज अगदी कातळासारखा येतो. ऑपरेटर म्हणतो, ‘खडक लागला.’ अर्ध्या मीटरखाली पुन्हा मुरूम असतो. म्हणून प्लॅनवर प्रत्येक पाइलच्या जवळचा बोअर कुठला आणि तिथे खडक किती खोलीवर होता हे पेन्सिलने लिहून ठेवा. अपेक्षेपेक्षा दोन-तीन मीटर आधीच खडक ‘लागला’ तर सही करू नका, कन्सल्टंटला फोन करा.

दुसरी पायरी: पाइल लागतोच का, आणि कुठला?

प्रत्येक इमारतीला पाइल लागत नाही. पुण्यात पुष्कळ ठिकाणी दोन-चार मीटरवर चांगला खडक मिळतो, तिथे साधं फुटिंग (कॉलमखालचा उथळ पाया) किंवा राफ्ट (सगळ्या इमारतीखाली एकच जाड स्लॅब) पुरतं. वरची माती भार घेऊ शकत नसेल, खडक खोल असेल, किंवा इमारत उंच असून तिला आडवा वारा आणि भूकंपाचा जोर सांभाळायचा असेल, तेव्हा पाइल.

पाइल भार दोन तऱ्हांनी उतरवतो. एक, खडकावर टेकून. दुसरी, अंगाच्या घर्षणाने, भोवतालच्या मातीला धरून. मुंबईत बहुतेक पाइल खडकात रुतवलेले असतात, त्यामुळे भार मुख्यतः तळाशी आणि सॉकेटमध्ये, म्हणजे खडकात रुतलेल्या भागात, जातो. खाडीकाठी ताजा भराव टाकला असेल तर एक उलटा प्रकारही घडतो. भरावाच्या वजनाने खालचा गाळ हळूहळू बसतो आणि बसताना पाइललाच धरून खाली ओढतो. ज्या मातीने हात द्यायचा, तीच गळ्यात पडते. हा जादा भार डिझाइनमध्ये धरलेला असतो. पण काम सुरू झाल्यावर कोणी प्लॉटवर आणखी दोन मीटर भराव ओतला तर ते कन्सल्टंटला कळवायलाच हवं.

आता प्रकार. आपल्याकडे मुख्य नियमावली आयएस २९११. तिच्या वेगवेगळ्या भागांत हे प्रकार येतात.

ठोकून बसवायचे पाइल म्हणजे तयार आरसीसीचे किंवा स्टीलचे खांब हातोड्याने जमिनीत घालवायचे. मोकळ्या जागेत, बंदरात, वाळूत ते उत्तम. दाट वस्तीत नाही. आवाज आणि हादरे शेजाऱ्यांना सोसत नाहीत, आणि गोटे लागले तर पाइलचं डोकंच फुटतं.

बोअर्ड कास्ट-इन-सिटू म्हणजे जमिनीत भोक घ्यायचं, सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि तिथेच काँक्रीट भरायचं. आपल्या शहरांत बहुतेक वेळा तुम्हाला हाच भेटेल. वांद्रे-वरळी सागरी सेतूखाली असे ६०४ पाइल आहेत, दीड आणि दोन मीटर व्यासाचे. त्यांची खोली कुठे ६ मीटर आहे तर कुठे ३४. एकाच पुलाखाली एवढा फरक पडतो, म्हणून ‘शेजारच्या पाइलला बारा मीटरवर खडक होता, इथेही असेल’ हा हिशेब चालत नाही.

अंडर-रीम्ड पाइल मराठवाडा आणि विदर्भातल्या मुलांनी नीट समजून घ्यावा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हातभर भेगा पडतात. हलक्या इमारतीचा उथळ पाया तिच्यासोबत वर-खाली होतो आणि भिंती तडकतात. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या पाइलला तळाजवळ फुगा असतो, साधारण दांड्याच्या अडीच पट व्यासाचा. खोली साडेतीन-चार मीटर, म्हणजे ऋतूंप्रमाणे जिथली ओल बदलत नाही तिथवर. माती पाइलला वर उचलू पाहते तेव्हा हा फुगा त्याला घट्ट धरून ठेवतो.

मायक्रोपाइल म्हणजे साधारण दीडशे ते तीनशे मिलिमीटर व्यासाचे बारीक पाइल. मोठी मशीन आत जाऊ शकत नाही अशा बोळात, किंवा जुन्या इमारतीच्या पायाला बळकटी द्यायला.

तिसरी पायरी: बोअर घेणं

बोअर घेण्याच्या पद्धती तीन. ट्रायपॉड, विंच आणि छिन्नी ही जुनी आणि हळू, पण अरुंद जागेत अजून चालते. डीएमसी म्हणजे पोकळ रॉडमधून चिखलपाणी खेळवत छिन्नीने तोडायचं. आणि हायड्रॉलिक रोटरी रिग, जी केली बारला, म्हणजे तिच्या फिरत्या लांब दांड्याला, बकेट, ऑगर किंवा कोअर बॅरल अशी खणायची अवजारं लावून झटपट जाते. रिग आली की आधी ती कशावर उभी राहणार ते बघा. पन्नास-साठ टनांचं धूड गाळावर उभं करायचं नसतं. खडी-मुरमाचा घट्ट प्लॅटफॉर्म रोलर मारून तयार हवा, आणि पावसानंतर तो पुन्हा तपासायला हवा.

पाइलचा मध्य टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) काढा आणि दोन बाजूंना ऑफसेटच्या खुंट्या मारून ठेवा, कारण मधली खूण पहिल्या पाच मिनिटांत नाहीशी होते. केसिंग, म्हणजे भोकाच्या वरच्या भागात बसवायची स्टीलची नळी, उतरताना ओळंबा दोन दिशांनी बघा. उभ्या पाइलला नियमावली १.५ टक्के कल सहन करते, म्हणजे १० मीटरला १५ सेंटीमीटर. हे ऐकायला पुष्कळ वाटतं, पण केसिंग सुरुवातीलाच तिरकं बसलं तर खाली काहीही दुरुस्त होत नाही.

गाळ असेल तिथे केसिंग त्याच्या पार न्या. त्याखाली भोक ढासळू नये म्हणून बेंटोनाइटचं, म्हणजे एका फुगणाऱ्या मातीचं, पाणी. ते नीट भिजवलेलं हवं. पोत्यातून थेट भोकात टाकलेली पूड काही कामाची नाही. मार्श कोनमधून (दाटपणा मोजायचं नरसाळं) ते साधारण ३० ते ६० सेकंदांत उतरलं पाहिजे. बोअरमधली त्याची पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा वरच ठेवा. समुद्राजवळ भरतीच्या वेळी बाहेरचं पाणी चढतं, हे रात्रपाळीला विसरायला होतं.

खडक लागल्याची वेळ ही तुमची वेळ. पायलिंगमधला एक जुना मुकादम मला म्हणाला होता, ‘मॅडम, आधी हातात घ्या, मग सही करा.’ तेव्हापासून मी दर पाइलला चाळणीत चिप्स धुऊन घेते. मुरमाचे कण तांबूस-पिवळे, बोटांत चुरडले तर पीठ होतं. झिजलेल्या खडकाचे तुकडे नखाने ओरखडता येतात. कातळाच्या चिप्सना धार असते, मुठीत आवळल्या तर टोचतात, एकमेकींवर घासल्या तर खरखर वाजतात. त्यातल्या मूठभर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पाइल क्रमांक, खोली, तारीख, वेळ लिहून ठेवा. सोबत छिन्नीचं वजन, किती उंचीवरून किती ठोके, आणि अर्ध्या तासात किती सेंटीमीटर उतरली. रिग असेल तर टॉर्क आणि तेवढ्या वेळातली प्रगती. सॉकेट किती न्यायचं ते ड्रॉइंगवर असतं. ढोबळ मानाने अखंड कठीण खडकात व्यासाच्या एक-दोन पट, मऊ किंवा झिजलेल्या खडकात तीन-चार पट. सॉकेट मोजायचं ते खडक सुरू झाल्याच्या खोलीपासून; म्हणून ती खोली त्याच क्षणी लिहिलेली असावी लागते. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली खोली मी कधीच मानत नाही.

आणि एक गोष्ट ठाम सांगते. तळ साफ करायला, अडकलेली छिन्नी काढायला, कशासाठीही माणसाला बोअरमध्ये उतरवायचं नाही. काम थांबलं तर थांबू दे. काम चालू नसेल तेव्हा बोअरवर जाळी किंवा प्लेट हवीच.

चौथी पायरी: पिंजरा, फ्लशिंग आणि काँक्रीट

पिंजरा उतरवण्याआधी सळ्यांची संख्या, रिंगांचं अंतर, जोडांची लांबी बघा. गोल कव्हर ब्लॉक रिंगेत ओवलेले हवेत, नाहीतर पिंजरा एका बाजूला टेकतो आणि त्या बाजूची सळई उघडी राहते. पिंजरा वरून केसिंगला हुकने लटकवा आणि हुकवर खडूची खूण करा. काँक्रीट जोरात चढलं तर पिंजराही त्यासोबत वर येतो. खूण हलली की लगेच कळतं.

मग फ्लशिंग. ट्रेमी पाइप, म्हणजे पुढे ज्यातून काँक्रीट तळापासून भरायचं ती लांब नळी, तळापर्यंत सोडून ताजं बेंटोनाइट खेळवायचं, तळाचा गाळ वर येईपर्यंत. त्याआधी आणि नंतर साउंडिंगच्या टेपने खोली मोजा. टेपच्या टोकाला लोखंडी वजन असतं. ते कातळावर टेकलं की ‘टक्’ असा झटका बोटांना जाणवतो. गाळावर टेकलं तर वजन मऊ बसतं. हा फरक सांगून कळत नाही, चार-पाच पाइलला स्वतः टेप धरा. बोअर संपताना १८ मीटर होता आणि आता १७.७० येतोय, तर तळाशी एक फूट गाळ आहे. त्यावर काँक्रीट ओतायचं नाही, पुन्हा फ्लशिंग.

काँक्रीट कमीत कमी एम २५ ताकदीचं, स्लंप (काँक्रीटचा सैलपणा दाखवणारं माप) १५० ते २०० मिलिमीटर, पाण्याखाली भरताना सिमेंट घनमीटरला ४०० किलो तरी. ट्रेमीचं तोंड तळापासून वीत-दीड वीत वर ठेवायचं आणि पहिला हॉपर, म्हणजे पाइपच्या वरचं काँक्रीटचं नरसाळं, एका दमात सोडायचा. त्या एका दमात ट्रेमीचं तोंड काँक्रीटमध्ये मीटरभर तरी बुडलं पाहिजे. ७५० मिलिमीटरच्या पाइलला एक मीटर उंची म्हणजे ०.४४ घनमीटर, शिवाय पाइपमध्ये उरणारं. मग अर्धा घनमीटरचा हॉपर तिथे कसा पुरेल? हे आधी मोजून ठेवा, काँक्रीटची गाडी दारात उभी असताना नव्हे.

पुढचा सगळा खेळ एका हिशेबाचा आहे. हाच ७५० मिलिमीटर व्यासाचा, १८ मीटरचा पाइल घ्या. त्याचं पोट ७.९५ घनमीटर. सहा घनमीटरची एक गाडी रिकामी झाली की काँक्रीट कागदावर १३.६ मीटर चढायला हवं. टेप टाकून बघा. साडेबारा चढलं असेल तर ठीक, भोक थोडं रुंद झालंय. नऊच चढलं तर काँक्रीट कुठल्या तरी पोकळीत जातंय. आणि पंधरा चढलं तर ताबडतोब थांबून कन्सल्टंटला कळवा, कारण भोक कुठेतरी आवळलं गेलंय किंवा माती आत पडलीय. नवखी माणसं काँक्रीट जास्त लागलं की घाबरतात आणि कमी लागलं की खूश होतात. भीती वाटायला हवी ती कमी लागल्याची.

ट्रेमी कधीही काँक्रीटच्या वर येता कामा नये. दोन मीटर तरी बुडालेली हवी. माझ्या दुसऱ्याच साइटवर मी हे चुकले. रात्री दुसरी गाडी दीड तास उशिरा आली. तोवर पाइपमधलं काँक्रीट घट्ट होत आलं होतं, खाली जाईना. विंचवाल्याने पाइप झटक्याने वर ओढला आणि शेवटची पातळी किती होती हे माझ्याकडे लिहिलेलं नव्हतं. पाइप बाहेर आला असावा असं मनात आलं. तो पुन्हा आत ढकलून आम्ही पाइल पूर्ण केला. एक गोष्ट मात्र मी बरोबर केली: थांबलेली वेळ आणि पाइप ओढल्याचं पाइल कार्डावर जसंच्या तसं लिहिलं. त्यामुळे इंटिग्रिटी टेस्टसाठी कन्सल्टंटने नेमका तोच पाइल निवडला. सातेक मीटरवर खोट सापडली. त्याच्या दोन बाजूंना दोन नवे पाइल घ्यावे लागले आणि कॅप, म्हणजे पाइलांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा, मोठी झाली. खर्च झाला, मला बोलणी बसली, पण इमारत नीट उभी आहे. तेव्हापासून माझ्याकडे दर गाडीनंतर चार रकाने भरलेले असतात: वेळ, काँक्रीटची पातळी, ट्रेमीची लांबी, बुडालेली लांबी. ट्रेमीचा एकेक तुकडा काढायची परवानगी या रकान्यांवरून द्या, अंदाजाने नाही.

काँक्रीट कट-ऑफ लेव्हलच्या (पाइलचं डोकं शेवटी जिथे राहायचं ती पातळी) वर ड्रॉइंगमध्ये सांगितलंय तितकं चढवा, कारण वरचा थर चिखलमिश्रित असतो आणि तो फोडून टाकायचा असतो. ताज्या पाइलच्या अगदी शेजारी त्याच दिवशी नवा बोअर घेऊ नका.

पाचवी पायरी: डोकं फोडणं आणि चाचण्या

हे थोडक्यात. हाताने चिपिंग तीन दिवसांनी, ब्रेकरने सात दिवसांआधी नको. घट्ट, एकसारखं, खडी दिसणारं काँक्रीट लागेपर्यंत फोडायचं. कट-ऑफला पोहोचूनही खालचं भुसभुशीत असेल तर आणखी खाली जायचं आणि वरचा भाग नव्याने बांधायचा. पाइलचा मध्य किती सरकलाय तेही आताच मोजायचं.

इंटिग्रिटी टेस्टमध्ये छोट्या हातोडीने डोक्यावर ठोका मारतात आणि परत येणारी लहर वाचतात. तिच्यातून लांबी, चीर, आवळलेली जागा यांचा अंदाज येतो. भार किती पेलेल ते कळत नाही. त्यासाठी लोड टेस्ट. कामाच्या आधी वेगळ्या पाइलवर डिझाइन भाराच्या अडीच पट, आणि कामातल्याच निवडक पाइलवर दीड पट. २०० टनांच्या पाइलला दीड पट म्हणजे ३०० टन, आणि वर रचलेलं वजन त्याहूनही पाव पट जास्त, म्हणजे ३७५ टन वाळूच्या गोण्या किंवा ब्लॉक. त्या ढिगाखाली वाकून गेज वाचायला जायचं नाही. कॅमेरा किंवा लांबून दिसेल अशी सोय करून घ्या.

सहावी पायरी: खड्डा आणि त्याच्या भिंती

इमारतीला तळघर असेल तर पाइलइतकंच महत्त्वाचं दुसरं काम सुरू होतं. खोदलेल्या खड्ड्याच्या कडा उभ्या ठेवणं. दीड मीटरपेक्षा खोल खणलेल्या चराला आधार किंवा उतार हवाच. खणलेली माती काठापासून निदान दीड मीटर, किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, यातलं जे जास्त असेल तितकी लांब टाकायची. या दोन साध्या नियमांनी जितकी माणसं वाचतात तितकी महागड्या यंत्रांनीही वाचत नसतील.

जागा मोकळी असेल तर उतार देऊन खणा. त्याहून स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. शहरात जागा नसते, मग भिंत लागते.

सोल्जर पाइल म्हणजे दीड-दोन मीटरवर उभे स्टीलचे एच सेक्शन आणि जसजसं खणत जाऊ तशा मधे फळ्या किंवा काँक्रीटच्या पट्ट्या. मुरमात चांगलं चालतं. गाळात आणि पाण्यात नाही, फळी बसवेपर्यंत माती थांबत नाही. शीट पाइल एकमेकांत अडकणारे स्टीलचे पत्रे; गाळात छान उतरतात, गोटे किंवा खडक आला की वाकतात.

टच पाइल म्हणजे एकमेकांना चिकटून घेतलेले बोअर्ड पाइल. कागदावर चिकटलेले असतात. जमिनीत थोडा कल आला की खाली फट पडते आणि तिथून पाणी, पाण्यासोबत माती येते. पाणी मोठं असेल तर सिकंट पाइल: आधी एक सोडून एक, बिनसळईचे, कमी ताकदीचे पाइल भरायचे आणि ते पूर्ण कडक होण्याआधी त्यांना कापत मधले सळईचे पाइल घ्यायचे. मुंबईच्या भुयारी मेट्रो ३ च्या स्थानकांसाठी अशा भिंती घेतल्या गेल्या. इथे वेळापत्रक सर्वस्व आहे. आधीचे पाइल फार कोवळे असताना कापले तर तुटतात, फार जुने झाले तर मशीन सरकतं आणि ओळंबा जातो. डायफ्राम वॉल त्याहून खोल आणि मोठ्या कामांसाठी: गाइड वॉलमधून, म्हणजे चराला दिशा देणाऱ्या दोन उथळ भिंतींमधून, ग्रॅबने (यंत्राचा पंजा) चर खणायचा, बेंटोनाइट भरायचं, पिंजरा सोडायचा, ट्रेमीने काँक्रीट. पायलिंगमध्ये शिकलेलं सगळं इथे जसंच्या तसं लागू पडतं.

उभ्या भिंतीला आडवा आधारही लागतो. आतून वेलर (भिंतीला लावलेली आडवी तुळई) आणि स्ट्रट (तिला रेटून धरणारा आडवा टेकू), किंवा मागे जमिनीत रोवून ताणलेला अँकर. अँकरने खड्डा मोकळा राहतो, काम सोपं होतं. पण तो शेजारच्या प्लॉटखाली जातो, त्यामुळे लेखी परवानगी आणि तिथल्या पाइपलाइन, पाये यांची माहिती आधी हवी. सॉइल नेलिंगमध्ये वरून खाली दीड-एक मीटरचा टप्पा खणायचा, सळ्या भोकात घालून ग्राउटमध्ये, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणात, बसवायच्या, जाळी लावून शॉटक्रीट (फवारून मारायचं काँक्रीट) मारायचं, आणि मगच पुढचा टप्पा. ‘मगच’ या शब्दावर भांडा. पोकलेन दिवसाच्या भाड्याने असते, तिचा ऑपरेटर तीन टप्पे एकदम खणायला बघतो, आणि बहुतेक दरडी या घाईत येतात.

पाणी आणि शेजारी

भिंतीतून पाणी येतंय म्हणून लगेच घाबरू नका. ते काचेच्या ग्लासात घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी काही बसलं नाही तर ते फक्त पाणी आहे, पंप लावा. तळाशी माती बसली तर भिंतीमागची जमीन ग्लासा-ग्लासाने तुमच्या खड्ड्यात येते आहे. मागे पोकळी तयार होतेय, आणि एक दिवस शेजारचा रस्ता खचेल. खणणं थांबवा, गोण्या आणि भरावाने ती जागा दाबा, ग्राउटिंगवाल्यांना बोलवा. पंप फार जोरात चालवला तर त्यानेही शेजारचं भूजल खाली जातं आणि तिथला गाळ बसतो. म्हणून बाहेर भूजल मोजणारे पिझोमीटर असतात, त्यांची नोंद रोज.

पावसाळ्यात भिंतीमागे पाणी साचलं की तिच्यावरचा रेटा कैक पट वाढतो. वीप होल, म्हणजे भिंतीतली पाणी निघायची भोकं, मोकळी आहेत का, काठावर पाणी वळवणारी नाली आहे का, हे मे महिन्यातच बघायचं. जून २०१९ च्या अखेरीस पुण्यात कोंढव्याला मुसळधार पावसात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. भिंतीच्या किंवा खड्ड्याच्या पायथ्याशी, काठाशी, कधीही लेबर कॅम्प ठेवू देऊ नका. तुमचा हुद्दा कितीही लहान असो, हे लेखी कळवा आणि कळवल्याची प्रत ठेवा.

खणायच्या आधी शेजारच्या इमारतींची पाहणी करा. घरमालकांना सोबत घेऊन प्रत्येक तड्याचा फोटो, तारीख, त्यांची सही. जुन्या तड्यांवर काचेची पट्टी सिमेंटने दोन्ही कडांना चिकटवा. तडा हलला तर काच तडकते. भिंतीचं झुकणं मोजणारे इनक्लिनोमीटर आणि जमिनीचं खचणं दाखवणारे सेटलमेंट मार्कर असतातच, पण काच कुणालाही वाचता येते.

दादरच्या एका कामावर शेजारच्या तीन मजली चाळीत आम्ही अशा अकरा काचा लावल्या होत्या. तळमजल्यावरच्या आजींना मी काच कशासाठी ते समजावलं. पुढचे आठ महिने रोज सकाळी त्या देवपूजा आटोपली की काच बघायच्या आणि गॅलरीतून मला सांगायच्या, ‘शाबूत आहे गं.’ ऑगस्टमध्ये एकदा म्हणाल्या, ‘आज बारीक रेघ दिसतेय.’ इनक्लिनोमीटरचं पुढचं रीडिंग दोन दिवसांनी होतं. आम्ही त्याच दिवशी घेतलं. भिंतीचं डोकं कडेच्या स्ट्रटपाशी सहा मिलिमीटर आत आलं होतं, कारण वेलर आणि भिंतीमधल्या पाचरी ढिल्या झाल्या होत्या. खणणं दोन दिवस थांबवून पाचरी नव्याने ठोकल्या, जॅक लावले आणि नवी काच बसवली.

स्ट्रट काढतानाही हीच काळजी. तळघराचा स्लॅब भिंतीला टेकून त्याचं काँक्रीट पुरेसं पक्कं झालं, कन्सल्टंटने लेखी कळवलं, की त्या पातळीचे स्ट्रट एकेक करून काढायचे, एका दिवशी सगळे नाही. प्रत्येक स्ट्रट निघाल्यावर रीडिंग घ्यायचं. आणि शेजारच्या काचा सगळ्यात शेवटी उतरवायच्या, बेसमेंटच्या भिंतीमागचा भराव थर देऊन दाबून झाल्यावर.